कमिट झालाय, तरी साइटवर जुनाच मजकूर: गिट रेपो सीएमएस म्हणून वापरताना पुन्हापुन्हा येणारी अडचण

संपादक लेखात दुरुस्ती करतो, प्रकाशनाचं बटण दाबतो, रेपोत (फाइली त्यांच्या इतिहासासकट ठेवण्याच्या गिटच्या साठ्यात) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, व्यवस्थित दिसतो. साइट उघडावी तर तिथे कालचाच मजकूर. कुणीतरी सुचवतं, "कॅशे साफ करून पुन्हा डिप्लॉय करा." तसं केलं, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती पुसून साइट नव्याने चढवली, की बदल दिसतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. काही दिवसांनी तोच प्रकार, आता दुसऱ्या लेखाच्या बाबतीत.

आधी ही पुन्हा डिप्लॉय करण्याची सवय मोडायला हवी. त्याने अडचण तेवढ्यापुरती सुटते, पण मजकूर कुठे अडकला होता हे सांगणाऱ्या खुणाही त्याच झटक्यात पुसल्या जातात. या एका लक्षणामागे डझनभर वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर नवा डिप्लॉय तात्पुरता लागू पडतो. म्हणूनच ती इतकी चिवट असतात.

डेटाबेसवर चालणाऱ्या सीएमएसमध्ये (मजकूर लिहिण्या-सांभाळण्याच्या प्रणालीत) मजकुराची मूळ जागा एकच असते. गिट रेपोचं सीएमएस केलं की एकाच लेखाच्या निदान चार प्रती एकाच वेळी नांदत असतात: संपादकाच्या ब्रँचवरची (रेपोतल्या वेगळ्या फांदीवरची), मुख्य ब्रँचवरची, बिल्डने (फाइलींपासून साइटची पानं बनवणाऱ्या प्रक्रियेने) उतरवून घेतलेली आणि सीडीएनवर (वाचकांजवळच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) पसरलेली. साइट जुनी दिसते याचा अर्थ यांतल्या कुठल्या तरी दोन प्रतींत अंतर पडलंय. ते कुठे, एवढंच शोधायचं आहे. त्यासाठी गिटने आपल्याला कमिटचा हॅश, म्हणजे त्या नोंदीची खास ओळखखूण, दिलाच आहे. फक्त प्रत्येक टप्प्यावर तो विचारायची सोय हवी.

साइटला तिचा हॅश सांगायला लावा

बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवा. "गिट रेव्ह-पार्स हेड" या आज्ञेचं उत्तर एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल साइटच्या रूट फोल्डरमध्ये ठेवा. तोच हॅश प्रत्येक पानाच्या हेडमध्ये मेटा टॅग म्हणूनही छापा. टेक्स्ट फाइल कुठेही साठवली जाऊ नये म्हणून तिला "नो-स्टोअर" हेडर लावा. नाहीतर हीच फाइल कॅशेतून जुनी येईल आणि भलतीकडे नेईल.

दोन्ही ठिकाणी छापायचं कारण असं की फाइल सांगते काय डिप्लॉय झालंय, आणि पान सांगतं वाचकाच्या हाती काय पडलंय. तक्रार आली की दोन्ही हॅश पाहायचे आणि मुख्य ब्रँचच्या टोकाशी ताडायचे. फाइल नवी पण पान जुनं असेल तर दोष कॅशेत आहे. दोन्ही जुनी असतील तर बिल्ड झालाच नाही, पडला, किंवा त्याच्यावर दुसऱ्या बिल्डने पुसणी फिरवली. दोन्ही नवी आणि तरीही लेख जुना असेल, तर बिल्डने तुमची फाइल घेतलीच नाही. हे तीन रस्ते एकमेकांना कुठेही मिळत नाहीत, त्यामुळे इथे दोन मिनिटं घालवली की पुढचा बराच वेळ वाचतो.

हॅश जुना आहे

सर्वांत साधी शक्यता आधी तपासा: कमिट नक्की कुठल्या ब्रँचवर आहे? डिकॅप सीएमएससारख्या साधनांत "एडिटोरियल वर्कफ्लो" चालू असेल तर सेव्ह केलेला लेख मुख्य ब्रँचवर जातच नाही. प्रत्येक नोंदीसाठी वेगळी ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट (ती मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याची, म्हणजे मर्जची, विनंती) तयार होते आणि लेख मसुदा, तपासणी, तयार अशा रकान्यांतून सरकत राहतो. संपादकाला "सेव्ह झालं" दिसतं, रेपोत कमिटही दिसतो, पण मर्ज कुणी केलेलं नसतं. हा तांत्रिक दोष नाही, कामाची पद्धत संपादकाला नीट समजावलेली नाही इतकंच.

कमिट मुख्य ब्रँचवर असेल तर बिल्ड सुरू झाला का ते पाहा. गिटहब अॅक्शन्स (आपोआप कामं चालवणारी गिटहबची सेवा; त्या कामांना वर्कफ्लो म्हणतात) वापरत असाल तर एक गोष्ट हमखास अडवते. एखादा वर्कफ्लो स्वतःच मजकुरात बदल करून पुश करत असेल, उदाहरणार्थ भाषांतर आणणारा किंवा फोटो लहान करणारा, आणि त्यासाठी वर्कफ्लोला आपोआप मिळणारं "गिटहब टोकन" (परवानगीची किल्ली) वापरत असेल, तर त्या पुशमुळे दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने पहिल्याला जागवत राहण्याचं चक्र टाळण्यासाठी ही रचना मुद्दाम केलेली आहे. उपाय दोन: पुश करण्यासाठी गिटहब अॅपचं किंवा वेगळं टोकन वापरा, नाहीतर पुश झाल्यावर "वर्कफ्लो डिस्पॅच" किंवा "रिपॉझिटरी डिस्पॅच" पाठवा, या दोन घटनांना ती बंदी लागू नाही.

दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे. कमिटच्या संदेशात चौकटी कंसात "स्किप सीआय" लिहिलं की बिल्ड टाळला जातो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून मर्ज केली की आतल्या सगळ्या कमिटचे संदेश नव्या संदेशाच्या पोटात येऊ शकतात. आत कुठेतरी कुणी ते शब्द लिहिले असतील तर अख्ख्या मर्जचा बिल्ड गप्प राहतो. लाल खूण नाही, त्रुटीचा ईमेल नाही. वर्कफ्लोच्या यादीत ती धाव नुसती नसतेच, आणि नसलेल्या गोष्टीकडे लक्ष जायला वेळ लागतो. वर्कफ्लोला "पाथ्स" ची चाळणी लावली असेल तर तीही पाहून घ्या: लेखांचा फोल्डर यादीत असतो, डेटा फाइलींचा किंवा चित्रांचा विसरलेला असतो.

मजकूर आणि साइटचा कोड वेगवेगळ्या रेपोत ठेवणाऱ्यांनी सबमोड्यूलकडे (एका रेपोत दुसरा जोडण्याच्या गिटच्या सोयीकडे) पाहावं. पालक रेपो सबमोड्यूलची ब्रँच लक्षात ठेवत नाही, एक ठरावीक कमिट लक्षात ठेवतो. मजकुराच्या रेपोत कितीही पुश करा, पालक रेपोतला तो निर्देश पुढे सरकवेपर्यंत बिल्डला जुनंच मिळणार. या मांडणीत साइटच्या रेपोचा हॅश नवा दिसूनही लेख जुना असू शकतो, म्हणून छापताना दोन्ही रेपोंचे हॅश छापा. मला विचाराल तर मजकुरासाठी सबमोड्यूल टाळावं. बिल्डच्या वेळी मजकुराचा रेपो वेगळा क्लोन करावा आणि त्या रेपोतल्या पुशने साइटच्या रेपोला डिस्पॅच पाठवावा.

स्वतःच्या सर्व्हरवर वेबहुक (बदल झाल्याचा गिटहबने पाठवलेला निरोप) घेऊन बिल्ड करणाऱ्यांची अडचण वेगळी. गिटहब वेबहुकच्या उत्तराची वाट १० सेकंद पाहतं आणि फसलेली पाठवणी आपण होऊन पुन्हा करत नाही. वेबहुक घेणारी स्क्रिप्ट बिल्ड पूर्ण होईपर्यंत उत्तर रोखून धरत असेल तर यादीत ती पाठवणी फसलेली दिसेल, आणि मागे बिल्ड झाला की अर्धवट राहिला हे तुमचा सर्व्हर जोडणी तुटल्यावर काय करतो यावर ठरेल. उत्तर लगेच द्या, बिल्ड रांगेत टाका. फसलेल्या पाठवण्या रेपोच्या वेबहुक सेटिंगमध्ये दिसतात, गेल्या ३ दिवसांतल्या तिथूनच पुन्हा पाठवता येतात.

आता ज्या कारणाने सर्वांत जास्त डोकी फिरतात ते. दोन संपादक पाठोपाठ कमिट करतात. दोन बिल्ड सुरू होतात. पहिल्याला काही कारणाने वेळ लागतो, पॅकेजं नव्याने उतरवावी लागली असतील. दुसरा आधी संपतो आणि डिप्लॉय होतो. मग पहिला संपतो आणि नव्या साइटवर जुनी साइट चढवतो. दोन्ही धावा हिरव्या, लॉगमध्ये एकही चूक नाही, आणि संपादक शपथेवर सांगतो की त्याने बदल साइटवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि तो नाहीसा झाला. तो खरं बोलत असतो. धावांच्या सुरुवातीच्या वेळा पाहू नका, संपण्याच्या वेळा पाहा. क्रम उलटा दिसला की चोर सापडला. उपाय म्हणजे डिप्लॉयच्या कामाला "कन्करन्सी" गट लावा, म्हणजे एका वेळी एकच धाव चालेल. चालू धाव रद्द करण्याचा पर्याय मजकुराच्या साइटसाठी बहुधा चालतो, कारण नव्या कमिटमध्ये जुना आलेलाच असतो. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर चढवण्याआधी एक तपासणी घाला: माझा हॅश मुख्य ब्रँचच्या टोकाशी जुळतो का? नसेल तर मुकाट्याने थांब.

बिल्ड सुरू होऊन पडत असेल तर लॉग वाचा, तिथे बहुतेक वेळा यॅमल (लेखाच्या वरची शीर्षक-तारखेची माहिती, म्हणजे फ्रंट मॅटर, लिहिण्याची पद्धत) निघतं. शीर्षकात विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि पुढे जागा आली, जसं "पाणीप्रश्न: भाग २", आणि भोवती अवतरणचिन्हं नसली की पार्सर म्हणतो, इथे मॅपिंग चालणार नाही. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी जागा येते. ती डोळ्याला दिसत नाही, पार्सरला खुपते. यॅमल १.१ पाळणारे पार्सर अवतरणाशिवायचे इंग्रजी "येस", "नो", "ऑन", "ऑफ" हे शब्द खरं-खोटं म्हणून वाचतात. हे सगळं मर्ज होण्याआधी पकडायचं असेल तर पुल रिक्वेस्टवर फ्रंट मॅटरची तपासणी लावा. एका संपादकाच्या चुकलेल्या कोलनमुळे मागच्या सगळ्यांचे लेख अडकून राहतात, हा गिटवर सीएमएस उभारण्याचा मोठा तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

हॅश नवा आहे, लेख मात्र नाही

पहिला संशयित म्हणजे तारीख. ह्यूगो आणि जेकिल ही साइट बनवणारी दोन्ही साधनं पुढच्या वेळेचा लेख मुळात बिल्डमध्ये घेत नाहीत. ह्यूगोत तारखेबरोबर टाइमझोन लिहिला नसेल आणि कॉन्फिगमध्येही दिला नसेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर "आत्ता" म्हणून टाकलेली वेळ बिल्डच्या दृष्टीने काही तास भविष्यात असते. बिल्ड कमिटच्या क्षणी धावतो, लेख वगळतो आणि यशस्वी म्हणून संपतो. पुढे ती वेळ उलटून जाते, पण पुन्हा बिल्ड करायला कुणी नसतं. संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचा कमिट येतो आणि सकाळचा लेख अचानक उगवतो. पुन्हा डिप्लॉय केलं की दिसतं, या जादूमागचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. "ह्यूगो लिस्ट फ्यूचर" ही आज्ञा असे अडकलेले लेख दाखवते; मसुदे आणि मुदत संपलेल्या लेखांसाठीही तशाच आज्ञा आहेत. कॉन्फिगमध्ये टाइमझोन लिहा आणि सीएमएसच्या तारखेच्या फील्डला टाइमझोनसकट वेळ लिहायला लावा.

पुढच्या वेळेचे लेख मुद्दाम टाकायचे असतील तर ठरावीक वेळाने बिल्ड करणारा वर्कफ्लो लागेल. तासाच्या ठोक्यावर गर्दी असल्याने तिथे उशीर होतो, म्हणून मधलं एखादं मिनिट निवडा. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकाचे वर्कफ्लो बंद करतं, हेही ध्यानात असू द्या. दोन महिने नवा लेख नाही आणि तेव्हाच आधी ठरवलेला लेख बाहेर यायचा होता, असा योग जुळून येतो.

दुसरा संशयित फाइलचं नाव, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी हा खास आहे. शीर्षकावरून फाइलनाव आपोआप बनत असेल तर "दुसऱ्या" सारख्या शब्दातला ऱ त्रास देतो. युनिकोडमध्ये तो एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा र आणि नुक्ता अशी जोडी म्हणून. पहिलं एनएफसी रूप, दुसरं एनएफडी. शिवाय काही कीबोर्ड याच आकारासाठी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. ते तर नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं) करूनही पहिल्या दोघांशी एकरूप होत नाही. गिट नावं बाइटने ताडतं. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दिसायला हुबेहूब सारख्या दोन फाइली राहू शकतात: संपादक एकीत सुधारणा करतो, साइट दुसरीवरून बनते.

हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. "कोअर डॉट कोटपाथ" हे सेटिंग मुळात चालू असतं आणि गिट देवनागरी नावं ऑक्टल आकड्यांत दाखवतं; आपण सगळे पहिल्या दिवशी वैतागून ते बंद करतो. या तपासासाठी ते पुन्हा चालू करा आणि "गिट एलएस-फाइल्स" चालवा. एकसंध ऱ "३४० २४४ २६१" असा दिसेल, तर जोडीतला "३४० २४४ २६०" आणि त्यामागे "३४० २४४ २७४" असा. फरक सापडला की एक फाइल काढून टाका, आणि पुढे शीर्षकावरून नाव बनू देऊच नका. स्लगसाठी (पानाच्या पत्त्यातल्या नावासाठी) वेगळं फील्ड ठेवा, त्यात साधी रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा एवढंच चालेल असा नियम लावा. शीर्षक फ्रंट मॅटरमध्ये मराठीत सुखाने राहू दे. रोमन नावांतही लहान-मोठ्या लिपीचा घोळ होतो: मॅकवर आणि विंडोजवर सहसा दोन्ही सारखीच मानली जातात, लिनक्सवरच्या बिल्डमध्ये नाही. तिथे चित्रं गायब होतात.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे दोन फाइलींचा एकच पत्ता. संपादकाने शीर्षक बदललं, सीएमएसने नवी फाइल बनवली, जुनी तशीच राहिली आणि दोघींच्या फ्रंट मॅटरमध्ये स्लग एकच. मग शेवटी जी लिहिली जाईल ती जिंकते. ह्यूगोला पाथ वॉर्निंग छापायला सांगितलं की अशा जोड्या लॉगमध्ये येतात.

उलट तक्रारही येते: काढलेला लेख साइटवर दिसतोच आहे. ह्यूगो आधीच्या बिल्डच्या फाइली आपण होऊन पुसत नाही. दर वेळी नव्या यंत्रावर बिल्ड होत असेल तर फरक पडत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर त्याच फोल्डरमध्ये होत असेल तर पडतो. बिल्डआधी तो फोल्डर रिकामा करा आणि आरसिंकने चढवत असाल तर डिलीटचा पर्याय लावा.

बिल्ड नाही, मजकूर थेट एपीआयवरून येतो

एपीआय म्हणजे कोडने गिटहबकडून मजकूर मागण्याची सोय. इथे हॅश टेक्स्ट फाइलमध्ये नसतो, तो तुमच्या कोडने ठरवायचा असतो. बहुतेक ठिकाणी प्रत्येक विनंतीत ब्रँचचं नाव लिहिलेलं असतं आणि घोळाचं मूळ तेच आहे. ब्रँच सरकत राहते, म्हणून वाटेतल्या प्रत्येक कॅशेला तिचं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं याचा अंदाज करावा लागतो. गिटहबच्या रॉ पत्त्यावरची फाइल ५ मिनिटं कॅशेत राहते. जेएसडेलिव्हर या सीडीएनवर ब्रँचच्या नावाने मागितलेली १२ तास. लेखांची यादी एका कमिटची आणि लेख दुसऱ्याच कमिटचा, अशी खिचडीही होते.

मांडणी उलटी करा. आधी ब्रँचचं टोक विचारून हॅश घ्या, मग यादी, लेख, चित्रं सगळं त्याच हॅशने मागा. हॅशमागचा मजकूर कधीच बदलत नसल्याने तो कायमचा कॅशेत ठेवता येतो. ताजा ठेवायचा तो एकच छोटा प्रश्न. त्या प्रश्नाबरोबर आधीचा ईटॅग (मागच्या उत्तराच्या आवृत्तीची खूण) पाठवा. टोकनसह केलेल्या विनंतीला ३०४ (काही बदललेलं नाही) उत्तर आलं तर ती गिटहबच्या मुख्य मर्यादेत मोजली जात नाही.

ती मर्यादा टोकनशिवाय तासाला ६० विनंत्या, वैयक्तिक टोकनने ५,०००. टोकनचा व्हेरिएबल चाचणीच्या वातावरणात आहे आणि प्रॉडक्शनमध्ये भरायचा राहिलाय, अशी स्थिती सार्वजनिक रेपोत पटकन कळत नाही. सगळं चालतं, वाचक वाढले की ४०३ किंवा ४२९ (विनंती नाकारली) येऊ लागतं, आणि "चूक आली तर जुनी प्रत दाखव" असा सौम्य कोड कुणी लिहिला असेल तर साइट निमूटपणे शिळी होत जाते. जुनी प्रत जरूर दाखवा, पण लॉगमध्ये ओरडा. उत्तराच्या हेडरमध्ये शिल्लक विनंत्यांचा आकडा येतो, तो नोंदवत राहा. खासगी रेपोत टोकन नसेल तर ४०४ येतं, आणि लोक फाइलचा पाथ शोधत बसतात.

लेखांच्या फोल्डरची यादी कन्टेन्ट्स एपीआयने घेत असाल तर ती १,००० फाइलींवर थांबते. त्यापुढचा लेख कमिट होतो, थेट पत्त्याने उघडतोही, यादीत मात्र येत नाही. ट्रीज एपीआयवर जा, आणि उत्तरातला "ट्रंकेटेड" खरा आहे का तेही तपासा. याच कन्टेन्ट्स एपीआयने लिहिताना फाइलचा आधीचा हॅश द्यावा लागतो. मध्ये दुसऱ्याने बदल केला असेल तर ४०९ येतं. ते गिळून टाकणारा कोड म्हणजे संपादकाचं काम हरवणारा कोड. एकाच वेळी समांतर लिहिण्याच्या विनंत्याही एकमेकींना धडकतात, त्या एकामागून एक पाठवा.

फाइल नवी, पान जुनं

हे सर्वांत सोपं. "एज" (उत्तराचं कॅशेतलं वय) आणि "कॅशे-कंट्रोल" हेडर पाहा. गिटहब पेजेस पानं १० मिनिटांसाठी देतं; तेवढं थांबणं हाच उपाय. नेक्स्ट जेएसमध्ये ठरावीक वेळाने पान ताजं करण्याची सोय वापरत असाल तर मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या वाचकाला जुनंच पान मिळतं आणि मागे नवं तयार होतं. संपादक नेमका तो पहिला वाचक असतो. त्याला पुन्हा एकदा पान उघडायला सांगा, किंवा कमिटच्या वेबहुकवरून त्या पानाचं रिव्हॅलिडेशन मागवा.

खासगी विंडोत नवं आणि नेहमीच्या विंडोत जुनं दिसत असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये राहून पानं साठवू शकणारी साइटची स्क्रिप्ट) शोधा. साइटच्या आधीच्या आवृत्तीने तो बसवलेला असू शकतो, आताच्या कोडमध्ये त्याचा मागमूसही नसेल. त्याची फाइल सर्व्हरवरून काढून टाकण्यावर भिस्त ठेवू नका. त्याच पत्त्यावर स्वतःची नोंदणी रद्द करणारा आणि कॅशे रिकामा करणारा छोटा सर्व्हिस वर्कर ठेवा, आणि जुने वाचक परत येऊन जाईपर्यंत तो तिथेच राहू द्या.